ओव्हनमधला चौथा नमुना

रविवारी होणारे व्याही जेवायला येतील तेव्हा बंदुकीचा विषय काढायचा नाही, असा शब्द व्हर्जिल कटशॉलनं बायकोला दिला होता.

"हवामान, बेसबॉल आणि माझ्या हॅमची तारीफ," लोर्नानं बजावलं. "यापलीकडे तोंड उघडलंस तर बघ!"

"आणि त्यांनीच विचारलं तर?"

"ते कशाला विचारतील? व्हर्मॉन्टची शांत माणसं आहेत ती. निवृत्त ग्रंथपाल, शेळ्या पाळतात. तुझी बडबड ऐकली तर पोराला घेऊन आल्या पावली परत जातील."

तिची भीती काही खोटी नव्हती. त्यांच्या लेकीनं, जोसीनं, एलियटला पसंत केलं होतं तेच मुळी तो मिझुरीतल्या पुरुषांसारखा नव्हता म्हणून. शाळेत संगीत शिकवायचा, हळू बोलायचा, भांडी घासायचा. "डॅड, तुझ्यासारखा नको म्हणूनच इतकी वर्षं थांबले," असं लेकीनं बापाच्या तोंडावर सांगितलं होतं. एलियटच्या घरचा ओव्हन तेवढा कायम बिघडलेला असे, त्यामुळे दोघं नेहमी बाहेर जेवत. पण ओव्हनवरून कुणी चांगला मुलगा सोडत नाही.

व्हर्जिलचं दुःख वेगळंच होतं. वर्षभर त्याच्या डोक्यात बोल्ट कॅरियरशिवाय दुसरं काही शिरलं नव्हतं. रायफलच्या पोटात, प्रत्येक गोळीसरशी मागेपुढे धावणारा हा वीतभर लांबीचा पोलादी ठोकळा. त्याला लेप कसला असावा, यावरून नेमबाजीच्या क्लबातल्या दोन सख्ख्या भावांनी एकमेकांचं तोंड पाहणं सोडलं होतं. फॉस्फेटचा लेप काळपट नि खरबरीत, पण तेल धरून ठेवतो. नायट्राइडचा काळाभोर, गंजाला दाद देत नाही. निकेलचा चंदेरी, काजळी एका फडक्यात साफ. व्हर्जिल निकेलवाला. गॅरेजमध्ये मखमलीवर त्यानं तिन्ही नमुने मांडले होते, त्यांना काजळी फासली होती, पुसली होती, भिंगाखाली धरलं होतं. गोळी मात्र एकातूनही झाडली नव्हती, कारण त्यानं लेप खराब झाला असता.

सोमवारी क्लबात तुलनेचा निकाल सांगायचा होता आणि चौथा नमुना राहिला होता. त्यावर व्हर्जिलनं सिरॅमिकचा रंग स्वतःच्या हातानं फवारला होता. आता तो मंद आचेवर भाजायचा होता. डब्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं की स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये भाजू नये. असल्या सूचना वकील लिहितात, असं व्हर्जिलचं ठाम मत होतं.

रविवारी लोर्ना चर्चहून मोठी ताटं आणायला गेली तसा त्यानं ठोकळा तारेनं ओव्हनमध्ये टांगला आणि गॅरेजमध्ये भिंगाकडे परतला. लोर्ना लवकर आली. ओव्हन चालू पाहून नवऱ्याला एकदाची अक्कल आली, हॅमसाठी त्यानं आधीच तापत ठेवलाय, असं समजून ती हरखली. दार न उघडताच तिनं आच पार वर नेली आणि कपडे बदलायला गेली.

पहिल्यांदा वास आला, मग धूर, मग छताला लावलेला धुराचा भोंगा किंचाळू लागला. व्हर्जिल धावत आला तेव्हा लोर्ना एका पायात बूट घालून ओव्हनसमोर उभी होती.

"हे काय आहे?"

"चौथा नमुना."

"माझ्या ओव्हनमध्ये?"

"अगं, तू आच वाढवलीस! मंद हवी होती."

"चूक माझी? आता हॅम काय तुझ्या टाळक्यावर भाजू?"

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. व्हर्जिलनं ठोकळा जाड फडक्यात गुंडाळून पावाच्या टोपलीत कोंबला, वर नॅपकिन पसरला, आणि लोर्नानं चेहऱ्यावर हसू चिकटवून दार उघडलं.

दारात जोसी, एलियट आणि त्याचे आईवडील, बीट्रिक्स आणि अ‍ॅन्सल थॉर्सबी, उभे होते. जोसीनं वास घेतला आणि बापाकडे असं पाहिलं की व्हर्जिलच्या तोंडचं पाणी पळालं.

"वायर जळाली," तो घाईघाईनं म्हणाला. "यंदा ऊन फार आहे, नाही का?"

अ‍ॅन्सल मात्र उंबरठ्यावरच थांबला होता. डोळे मिटून त्यानं नाकपुड्या फुगवल्या.

"ही वायर नाही," तो म्हणाला. "सिरॅमिक. आच जास्त झाली."

"अ‍ॅन्सल!" बीट्रिक्स ओरडली. "तू मला शब्द दिला होतास!"

लोर्ना एकदा तिच्याकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहत राहिली. व्हर्जिलला तर भाऊ भेटल्यासारखं झालं. त्यानं टोपलीतून ठोकळा काढला. दोन्ही पुरुष त्यावर वाकले, आणि लेक उजवली असं त्याला वाटलं. तोवर अ‍ॅन्सल म्हणाला, "कशाला हे नखरे? साधं फॉस्फेट बरं."

"फॉस्फेट? गंजायला टपलेलं लोखंड ते! निकेल बघा निकेल."

"निकेल चमच्यांना ठीक आहे."

"चमच्यांना?"

"आणि झुंबराला. माणसानं तेल घालावं, रोजच्या रोज. आळशी लोकांना चकाकी लागते."

"माझ्या घरात येऊन मला आळशी म्हणता?"

"असल्या चकचकीत घरात माझ्या मुलाचा निभाव लागायचा नाही!"

"मग घेऊन जा तुमचा मुलगा!"

जोसीचा चेहरा पांढराफटक पडला. लोर्नानं दोघांच्या मध्ये ताट आदळलं. "एवढंच सांगा. यंदा किती गोळ्या झाडल्यात तुम्ही दोघांनी?"

अ‍ॅन्सल पाय चोळू लागला. "गुडघा दुखतोय माझा."

"इथे पाऊस फार झाला," व्हर्जिल पुटपुटला. ऊन फार आहे, हे तो मघाशीच बोलून बसला होता.

"एलियट," जोसी रडवेली होऊन म्हणाली, "तू तरी सांग यांना काहीतरी. इथे तूच एक शहाणा आहेस."

एलियटनं ठोकळा हातात घेतला, अंगठा फिरवला आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला, "दोघंही चुकताय. निकेल सोलपटतं, फॉस्फेट तेल पितं. टायटॅनियमच्या सोनेरी लेपापुढे दोन्ही फिके."

जोसी एलियटकडे बघतच राहिली.

"तुझा ओव्हन बिघडलाय म्हणाला होतास."

"बिघडलेला नाही," एलियट जमिनीकडे पाहत म्हणाला. "फक्त त्यात जेवण करता येत नाही."

"सोनेरी?" अ‍ॅन्सल गरजला. "रायफल आहे की नवरीचा दागिना?"

"तेच म्हणतो मी!" व्हर्जिलनं व्याह्याच्या खांद्यावर हात टाकला. "बसा, बसा. या पोराला आधी समजावू."

लोर्नानं पर्स उचलली. पेट्रोल पंपावरच्या दुकानात तळलेलं चिकन बरं मिळायचं. बीट्रिक्स न सांगता तिच्यामागे निघाली, आणि जोसीही. गाडीत जोसी बोटातली अंगठी फिरवत होती.

"मॉम, तुम्ही दोघींनी असल्या माणसांशी कसं काय केलं गं लग्न?"

लोर्नानं आरशातून बीट्रिक्सकडे पाहिलं. बीट्रिक्सनं सुस्कारा सोडला.

"आम्हाला कुणी आधी ओव्हन उघडून दाखवला नव्हता," ती म्हणाली. "तू नशीबवान आहेस. घर घेशील तेव्हा दोन ओव्हनचं घे."

जोसीनं अंगठी काढली, जरा वेळ तळहातावर धरली, आणि पुन्हा बोटात घातली.

"पण जेवणाचा कुलूप लागणारा," ती म्हणाली.