मौन आणि सुकटीचा डबा

वारलेल्या एका सहकाऱ्याला दोन मिनिटांच्या मौनाची श्रद्धांजली वाहायला मोखाड्याच्या ऑफिसात सगळे माना खाली घालून उभे राहिले आणि पलीकडच्या टेबलावरचा मायक्रोवेव्ह वाजला. टीं, टीं, टीं. आत वनमालाबाईंचा डबा होता. साहेबांना वाटलं, वेळ संपली. ते "ओम शांती" म्हणाले आणि बसले. त्यांच्यामागोमाग सगळे बसले. उभे राहिले एकटे पालघरहून आलेले मोठे साहेब.

"झालं एवढ्यात?" त्यांनी विचारलं.

अर्धं मिनिटही झालं नव्हतं. साहेबांचा चेहरा पडला आणि सगळा राग निघाला मायक्रोवेव्हवर. सुकटीच्या वासापायी त्यांचा त्याच्यावर आधीपासून दात होताच. संध्याकाळी त्यांनी शिपाई चंदाला तो अडगळीच्या खोलीत न्यायला सांगितलं.

"ताय, ह्यानं काय गुन्हा केलाय?" चंदाने वनमालाबाईंना विचारलं.

वनमालाबाईंचं डोकं फिरलं. मायक्रोवेव्ह काही सरकारी नव्हता, ऑफिसातल्या बायकांनी वर्गणी काढून आणला होता. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, जव्हारहून जीपमध्ये चेंगरून यायचं आणि दुपारी गारढोण डबा उघडायचा, असं त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. आता कुठे गरम घास मिळायला लागला होता. त्या तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, तो त्याचं काम करत होता. बसलात तुम्ही."

"मॅडम, विषय संपला."

"तुमचा संपला असेल."

दुसऱ्या दिवसापासून त्या केबिनच्या दारासमोरच्या बाकावर बसून गार भाकरी आवाज करत चावू लागल्या. साहेबांनी दार लावून घेतलं. बाईंनी बाक सोडला नाही.

पुढच्या महिन्यात मोठे साहेब पुन्हा आले आणि पुन्हा श्रद्धांजलीची वेळ आली. या वेळी साहेबांनी कडेकोट बंदोबस्त केला. सगळ्यांचे मोबाइल बंद करून ड्रॉवरमध्ये टाकले आणि आपण सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही, अशी तंबी दिली. भिंतीवरचं घड्याळ गणपतीपासून बंद होतं, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

मौन सुरू झालं ते संपेचना. मागच्या वेळी आपण आधी बसलो, आता मोठे साहेब बसल्याशिवाय बसायचं नाही, असं साहेबांनी ठरवलं होतं. ऑफिस ह्यांचं, तेव्हा ओम शांती हेच म्हणतील, असं मोठ्या साहेबांना वाटत होतं. दोघेही एक डोळा किलकिला करून एकमेकांकडे बघत आणि पुन्हा मिटून घेत. बाहेर बाजारातून "जव्हार, जव्हार" अशा जीपवाल्यांच्या हाका येत होत्या. चंदाच्या हातातल्या ट्रेवर पाण्याचे ग्लास किणकिणू लागले. जेवणाची सुट्टीही सरत आली.

आज गप्प राहिले तर निवृत्तीपर्यंत गारच जेवायचं, वनमालाबाईंच्या मनात आलं. त्यांनी मान खालीच ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

"टीं, टीं, टीं."

मोठे साहेब धपकन खुर्चीत बसले. "ओम शांती," साहेब घाईघाईने म्हणाले.

मोठ्या साहेबांनी पोटऱ्या चोळल्या. "तुमची ती मागची मशीनची पद्धत चांगली होती," ते म्हणाले. "ती चालू ठेवा."

दुसऱ्याच दिवशी मायक्रोवेव्ह आपल्या टेबलावर परतला. पुढच्या श्रद्धांजलीला साहेब स्वतः वनमालाबाईंजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, तेवढी दोन मिनिटं लावा."

"रिकामा चालवत नाहीत, साहेब. बिघडतो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सुकटीचा डबा आत ठेवला.

मौनभर सगळ्या ऑफिसात सुकटीचा वास पसरला आणि साहेबांना तोंड उघडता आलं नाही.