तात्यांची वेळ आणि खताची जागा

खताची तीस पोती झोपायच्या खोलीत ठेवायची, हे तात्यांनी पूर्ण विचार करून ठरवलं होतं. चूक तिथेच झाली. तात्यांनी विचार केला की काहीतरी बिघडतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांत आधी तात्यांना.

चौतीस वर्षं खताचं एकाच पद्धतीने चालत आलं होतं. तात्या जेवता जेवता म्हणायचे, "या आठवड्यात खत घेऊन टाकू." बायको ताटात भाजी वाढत म्हणायची, "आता नको." ते म्हणाले "जरा थांबू," तर ती म्हणायची, "कशाला थांबायचं?" मग तात्या गप्प जेवायचे, आणि ऐन गरजेच्या सकाळी टेम्पो थेट बांधावर येऊन उभा राहायचा. पोती कोरडी, दाणा मोकळा. एकदाही उशीर नाही की तुटवडा नाही.

बायकोला जाऊन आता आठ महिने झाले होते. लेकीने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "बाबा, यंदाचं खत एकट्याने वेळेवर घेऊन नीट ठेवून दाखवा. जमलं तर शेत तुमचं तुम्ही बघा. नाही जमलं तर शेजारच्या काकांना कसायला देऊ, आणि तुम्ही माझ्याकडे राहायला यायचं. तयारी कुठवर आलीय ते मी रविवारी येऊन बघते."

लेकीचं घर चौथ्या मजल्यावर होतं. तिथे तात्यांना एकच काम असायचं, पाय वर घेऊन बसायचं, कारण कोणीतरी सतत केर काढत असे.

तात्या विचाराला बसले. पेरणीला अजून अडीच महिने होते. इतक्या लवकर खत आणून, ओल धरून त्याचे दगड कशाला करायचे? थांबावं, असं त्यांचं मत पडलं. आणि लगेच त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. चौतीस वर्षांचा पुरावा समोर होता. आपलं मत काय ते बघायचं आणि बरोबर उलट करायचं, म्हणजे बायको घरात असल्यासारखंच झालं. इतकी सोपी युक्ती आपल्याला सुचली म्हणजे ती चुकीचीच असणार, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"आत्ता?" दुकानदाराने विचारलं. "अजून कोणी बियाण्याचंही नाव काढलेलं नाही, तात्या."

"म्हणूनच."

"आणि माल घरी नेणार?"

"मग काय, डोक्यावर घेऊन फिरणार?"

दुकानदार काहीतरी बोलणार होता, पण तात्यांचा चेहरा बघून त्याने पावती पुस्तक ओढलं.

जागेलाही तोच नियम लागला. तात्यांचं मत होतं, गोठ्यात ठेवावं. गोठ्याचं छप्पर गळत होतं, ही गोष्ट वेगळी. म्हणजे उलट केलं तर घरात, आणि घरातही सगळ्यात आतली खोली. बायकोने त्या खोलीत चिखलाचा पाय कधी पडू दिला नव्हता. तिचा मान राखायचा म्हणून तात्यांनी हमाल यायच्या आधी बादलीभर पाण्याने फरशी पुसून काढली. ती वाळायच्या आत पोती येऊन पडली. खाली फळ्या टाकाव्यात असं त्यांच्या मनात आलं होतं. मनात आलं म्हणूनच टाकल्या नाहीत.

रविवार येईपर्यंत तात्या स्वयंपाकघरात चटईवर झोपत होते. पलंगावर पोती, कपाटापुढे पोती. आणि चांगला शर्ट कपाटात. लेकीसमोर मळक्या शर्टाने जायचं नाही, म्हणून सकाळी ते अंग चोरून आत शिरले. घरात चिटपाखरू नसताना दार लावून घेतलं, कारण कपडे बदलताना दार उघडं टाकलं की बायको ओरडायची. हात लांब करून शर्ट ओढला, एक बाही घातली, आणि तोल सावरायला पोत्यांच्या थप्पीला टेकले. थप्पी सरकली. पाच पोती दारावर जाऊन बसली. दार आतल्या बाजूला उघडणारं होतं, आणि तात्यांची कंबर गेल्या वर्षीच वजन उचलायची बंद झाली होती.

थोड्या वेळाने बाहेरून हाक आली. "बाबा?"

"इकडे, खिडकीकडे ये."

लेक खिडकीच्या गजांशी आली. "आत काय करताय?"

"शर्ट बदलतोय."

"मग बदलून बाहेर या."

"त्याला जरा वेळ लागेल."

तिने डोकावून पाहिलं. "ही पोती कसली?"

"खत. वेळेवर आणलंय. तूच म्हणाली होतीस ना?"

"नीट ठेवा, असंही म्हणाले होते."

"एकदम पक्की ठेवलीत. बघ, हलत नाहीत."

लेकीने कपाळावर हात मारला आणि दुकानदाराला फोन लावला. तो दोन हमाल आणि पहार घेऊन आला. हमालांनी खिडकी चौकटीसकट काढली आणि एकेक पोतं बाहेर घेऊ लागले. वरची वीस चांगली निघाली. खालची दहा फरशीला धरून बसली होती. एका हमालाने पोत्यावर पहार टेकवली तर टण्ण असा आवाज आला.

"तात्या, हे पेरायचं की घराच्या पायात भरायचं?" तो म्हणाला.

तात्यांनी लेकीकडे पाहिलं नाही. "शेजारच्या काकांना सांग," ते हळूच म्हणाले. "मला नाही जमत हे. तिच्यासारखी उलट बुद्धी मला नाही."

"कसली उलट?" दुकानदार म्हणाला. "तुम्ही घरी 'घेऊ' म्हणालात की दुसऱ्या दिवशी वहिनी येऊन माल सांगून जायच्या. तुम्ही 'थांबू' म्हणालात की थांबायच्या. म्हणायच्या, वेळेचं यांना बरोबर कळतं. फक्त माल इथेच राहू दे, घरी नेला तर न्हाणीघरात ठेवतील."

"अगदी सुरुवातीला एकदाच ठेवला होता," तात्या म्हणाले. "तिथे दाराला कडी होती, चोरी झाली नसती." मग लोंबती बाही चाचपत म्हणाले, "मला कधी बोलली नाही."

"म्हणायच्या, सांगितलं तर डोक्यात हवा जाईल, उद्या जागाही स्वतःच ठरवतील."

दार आता मोकळं झालंय, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. हमालांनी तात्यांना दोन्ही काखांत धरून पोत्यांसारखंच खिडकीतून बाहेर घेतलं. लेकीने त्यांच्या पाठीवरचं खत झटकलं आणि जरा जास्तच वेळ झटकत राहिली. मग ती चहा टाकायला आत गेली.

"ही वीस पोती परत माझ्याकडे ठेवतो," दुकानदार म्हणाला. "ते दगड फोडून बघू. कमी पडेल ते कधी घेऊ?"

तात्यांनी आभाळाकडे पाहिलं, बोटांवर आठवडे मोजले. "पेरणीच्या आधी दहा दिवस."

"आता इतक्या उशिरा नको," स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज आला.

दुकानदाराने पेन काढून लिहिलं, दहा दिवस आधी. तात्यांनी इतका वेळ लोंबत असलेली शर्टाची दुसरी बाही घातली आणि गप्प चहाची वाट बघत बसले.