जावयाची खारी भाजी

चोपण, म्हणजे खारवट जमिनीतलं कुठलंही झुडूप दाखवा, मी लांबूनच नाव सांगतो! चौऱ्याहत्तर साली शेतकी खात्याचं आठ दिवसांचं ट्रेनिंग झालं, तेव्हापासून मी दौंडभर हेच सांगत सुटलो होतो. त्याच गुर्मीत सासरी गेलो, वडगाव रासाईला.

सासऱ्यांच्या, म्हणजे सावळाराम आबांच्या, मीठ फुटलेल्या रानात दोन झुडपं शेजारी शेजारी. दोन्हींची पानं बारीक, जाड, खारट. एकाची भाजी होते. दुसरं खाल्लं तर जनावरसुद्धा आडवं होतं! मी ऐटीत पिशवीभर पाला खुडून सासूबाईंपुढं ठेवला.

"करा भाजी!"

सासूबाईंनी पाल्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पदर सावरून आत गेल्या.

जेवायला मला जावई म्हणून कोंबडी, आबांना भाजी. "झ्याक झालीया!" म्हणत आबांनी दोनदा वाढून घेतली. मी खुशीत ट्रेनिंगची वही उघडली. त्यात लिहिलं होतं, 'पान मोडून पाहावे. मोडलेला भाग गोल दिसला तर खाण्याचे, चपटा दिसला तर विषारी.' मी एकही पान मोडलं नव्हतं! आता शिजलेल्या भाजीत काय गोल आणि काय चपटं?

"आबा, चक्कर येतीय का?"

"न्हाई बा."

"मळमळ?"

"जावईबापू, काय घातलंय मला?"

मी खरं ते सांगून टाकलं. "मेलो!" म्हणून आबा तिथंच आडवे! त्यांना घाम फुटला, त्यांचा घाम बघून मला फुटला. मी मिठाचं पाणी पाजलं. एक तांब्या, दोन तांबे! आबा तीनदा ओकले. बायको, चांगुणा, रडायला लागली. सासरा माझ्या हातून गेला, तर हिला तोंड कसं दाखवू?

"गाडी जुंपा! शिरूरच्या दवाखान्यात न्या!" मी ओरडलो.

शेजारच्या सोपानरावांनी बैल जुंपले. आबांना उचलून गाडीत निजवलं, तेव्हा कुठं सासूबाई दाराआडून हळूच बोलल्या.

"त्यास्नी काय हुत न्हाई. तुमचा पाला मी उकिरड्यावर टाकला. ही भाजी मीच बांधावरनं खुडून आणलीया."

"अहो, मग मघाशीच का नाही सांगितलं?"

"जावयाला चुकलं कसं म्हणायचं? बरं दिसतं व्हय?"

आबा गाडीतच ताडकन उठून बसले. "त्यांचा मान राखलास, आन् आतडी माझी बाहेर काढलीस की गं!"

दुसऱ्या दिवशी आबा स्वतः मला फाट्यावर सोडायला आले. चांगुणाला चार दिवस माहेरीच ठेवून घेतलं होतं.

"आधी येईल ती एस्टी शिरूरची," आबा म्हणाले. "तुमची दौंडची मागनं. दोन्ही लालच असत्यात, जावईबापू. पाटी वाचून बसा."

वाचली की! पण बसलो मात्र कंडक्टरला विचारूनच.