महिपतीच्या हॉलमधला समुद्र

"समुद्राचं मला नका शिकवू! खारं पाणी आमच्या रक्तातच हाय!"

पेणच्या महिपतीने हे वाक्य इतक्या जणांना ऐकवलं होतं, की शेजारचा कान्हू ते त्याच्या आधीच म्हणून टाकायचा. महिपतीच्या आजोबांची खाडीकाठी मिठागरं होती. तो स्वतः डोलवीला कंपनीत शिफ्ट करायचा. पण हॉलच्या कोपऱ्यात त्याने समुद्र उभारला होता. मोठी काचेची टाकी, तिच्यात खडक, दोन मऊ प्रवाळं आणि पांढरे पट्टे मिरवणारी केशरी माशांची जोडी. मीठ मात्र पिशवीतलं! "मिठागरवाल्याचा नातू आन् मीठ दुकानातून!" असं म्हणत त्याची आई बायजाबाई पदर तोंडाला लावून हसली होती.

बायको सुरभी मात्र हसली नव्हती. तिने अट घातली होती.

"गणपतीत एक जरी मासा मेला, तर टाकी घराबाहेर. कळलं?"

महिपतीला चांगलंच कळलं. त्या जोडीवर त्याचा भारी जीव! उदबत्तीचा धूर टाकीकडे जाऊ नये म्हणून त्याने पंखा फिरवला, पोरांना लांब बसवलं आणि येईल त्याला दटावलं, "हे साधं पाणी नाय, हा खरा समुद्र हाय! हात जोडा, हात घालू नका!"

बायजाबाई हे सगळं मन लावून ऐकत होती.

दीड दिवसाच्या विसर्जनाला महिपती शिफ्ट करून घरी पोहोचला, तर आरती आटोपलेली, पाट रिकामा आणि टाकी ताकासारखी पांढरी!

"आये! बाप्पा कुठाय?"

"समुद्रात," बायजाबाई शांतपणे म्हणाली. "खाडीच्या वाटेवर गुडघाभर चिखल. पेणचे बाप्पा लांबलांबच्या समुद्रात जातात, आन् आपला काय बादलीत घालू?"

"अगं, आत मासे हायत!"

"मंग? समुद्रात नसतात व्हय?"

महिपती टाकीकडे धावला. शाडूची वीतभर मूर्ती निम्मी विरघळली होती. त्याने राखून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याचा कॅन उचलला, हाताला लागेल ते भांडं ओढलं आणि जाळी घेऊन त्या ताकात मासे शोधू लागला.

"अहो, माझं मोदकपात्र!" सुरभी किंचाळली.

तेवढ्यात दारात कान्हू उभा!

"दादा, आरती व्हायचीय आमची. म्हटलं आधी जागा धरून ठेवावी. काकींनी बोलावलंय."

"इथं नाय जमायचं, कान्हू!"

"व्हय का?" कान्हूचा चेहरा पडला. "तुमच्या बाप्पाला समुद्र, आन् आमच्या बाप्पाला बादली?"

शेजारी दुखावला! महिपती घाईघाईने म्हणाला, "तसं नाय रे! पाणी बघ किती गढूळ झालंय. अशा पाण्यात तुझा बाप्पा कसा सोडू?"

कान्हूने मान डोलावली. समजूतदार माणूस. आल्या पावली परत गेला.

पुढचे दिवस महिपतीने रजा टाकून काढले. माती उपसून तुळशीत घातली, प्रवाळं खाऱ्या पाण्यात विसळली, पाणी बदललं, पुन्हा बदललं. गौरींच्या विसर्जनाच्या दिवशी टाकी आरशासारखी लख्ख होती आणि मोदकपात्रातून परतलेली जोडी मजेत पोहत होती. सुरभीने वाकून दोन्ही मासे नीट पाहिले.

"मेला नाय एकही. राहू दे टाकी."

महिपतीची छाती फुगली. "सांगत नव्हतो? खारं पाणी आमच्या..."

बाहेर झांजा वाजल्या. "गणपती बाप्पा मोरया!" पुढे कान्हू, त्याच्या डोक्यावर पाट, पाटावर बाप्पा. मागे अख्खी आळी, आणि प्रत्येक घराची मूर्ती.

"दादा, तुमच्या शब्दावर थांबलो बघा!" कान्हू ओरडला. "पाणी नितळ झालं ऐकलं, म्हणून आळीतल्या सगळ्यांनाच घेऊन आलो!"

बायजाबाई कौतुकाने आरतीचं ताट घेऊन पुढे झाली. महिपतीने टाकीकडे पाहिलं, आळीकडे पाहिलं आणि मुकाट्याने जाळी उचलली.

"सुरभी," तो हळूच म्हणाला, "मोदकपात्र रिकामं हाय का गो?"