बैहरचा काळा सरडा

आमच्या बालाघाटच्या वॉर्डातल्या निम्म्या सरड्यांच्या शेपटीला लाल नेलपॉलिश आहे. हे काम माझ्या चुलतभावाचं, दौलतदादांचं. मँगनीजच्या खाणीतली नोकरी संपली आणि दादा सरडे मोजायला लागले. काडीला दोऱ्याचा फास, फासात सरडा, शिंप्याच्या टेपनं लांबी, आणि तोच पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून शेपटीवर ठिपका. बाटली त्यांच्या मुलीची, वर्षाची. सहा वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं लग्न केलं, बैहरला गेली, बाटली मागं राहिली. तेव्हापासून बापलेकीत बोलणं नाही.

"हवा घडवते सरड्याले," दादा म्हणत. "जिथं थंडी, तिथं सरडा काळा. काळं अंग लवकर तापते. आपल्या इथं भट्टी, म्हून आपला फिक्कट."

"पण दादा, सरडा तर रंग बदलतो," मी एकदा शहाणपणा केला.

"तो रागाचा रंग! मी जन्माचा सांगून राह्यलो. तूबी बायकोसमोर लाल होतं, म्हून काय तुले लाल मानूस म्हनू?"

शाळांना वह्या पोचवायला मी दर महिन्याला बैहरला जातो. ते गाव घाटावरचं, थंडीचं, म्हणून तिथला सरडा पाहून यायचं काम दादांनी माझ्यावर टाकलं. मला पालीचीसुद्धा भीती. पण दादांना नाही म्हणायची त्याहून जास्त. झालो संशोधक.

"कोनताबी सरडा नको पाहू," त्यांनी बजावलं. "बसस्टँडच्या मांगं निळं घर हाय. त्याच्याच कंपाउंडवरचा पाहाचा."

चार महिने मी त्या भिंतीपुढं वही घेऊन उभा राहिलो. परत आलो की दादा विचारत, "घराले रंग दिला का? दोरीवर लहान कपडे होते का?" मी म्हणे, "सरडा काळाच होता." माझ्या डोक्यात उजेड पडायला पाचवा महिना लागला. दार उघडून वर्षाच बाहेर आली, कडेवर पोर घेऊन.

"काका, कवापासून खिडकीतून पाहून राह्यली तुमाले. बाबानं पाठवलं ना?"

"सरडे पाहायला," मी पुटपुटलो.

ती हसली. मग पोरीची टोपी उगाच नीट करत राहिली. "बाबाले सांगा, थंडीत इथले सरडे लई उशिरा निघतात. धावतपळत पाहून जमत नाही. मुक्कामाले या म्हना."

निरोप ऐकून दादांनी हातातली फासाची काडी खाली ठेवली.

"तिनंच म्हटलं? का तू जोडून राह्यला?"

"तिनंच."

"हौ?... पोरगा का पोरगी?"

"पोरगी. दोन वर्षांची असेल."

"कोनावर गेली?"

"रंग आईचा. कान तुमचे. तस्सेच, सुपासारखे."

दादांनी हळूच आपल्या कानाला हात लावला.

"बैहरची पहिली गाडी कितीची हाय रे?" त्यांनी विचारलं. हात अजून कानावरच होता.