तुमचा देश काय विकतो?

नवा माणूस भेटला की इस्माईलभाई त्याचं नाव विचारत नाहीत. "तुमचा देश काय विकतो?" हा त्यांचा पहिला प्रश्न. सुदानी ड्रायव्हरला त्यांनी तीळ आणि डिंकावर बोलतं केलं होतं. माझ्या हॉस्पिटलातली फिलिपिनो नर्स मात्र गोंधळली आणि म्हणाली, आम्ही नर्सेस पाठवतो. हे उत्तर त्यांना फार पटलं.

इस्माईलभाई मूळचे दापोलीकडचे. सौदीत जेद्द्याच्या शराफिया भागात त्यांचं सुक्यामेव्याचं दुकान आहे. पूर्वी पिस्ता आणि केशर इराणहून यायचं, बेहरूझ नावाच्या व्यापाऱ्याकडून. मग इराणवर निर्बंध आले, बँकांनी हात वर केले, पुढे सौदी आणि इराणचंही फाटलं. माल थांबला, हळूहळू फोनही थांबले. तेव्हापासून इस्माईलभाई बदाम तोलता तोलता गिऱ्हाइकांना परराष्ट्रधोरण सांगतात. निर्बंध आलेल्या देशानं कोटवाले राजदूत पाठवू नयेत, व्यापारी पाठवावेत. बँक नसेल तर पिस्ता देऊन तांदूळ घ्यावा, पण देवाणघेवाण चालू ठेवावी. त्याशिवाय देश पुढे जात नाही.

"खलास म्हणायचं नाही, डॉक्टर. गिऱ्हाईक तुटलं की देश तुटतो."

दोन्ही देशांचं पुन्हा जुळलं आणि बेहरूझ उमऱ्याच्या यात्रेसाठी मक्केला आले. इस्माईलभाईंनी भर उन्हाळ्यात कोट चढवला. बोलणी होणार, साक्षीदार हवा, म्हणून मलाही घेतलं. दुपार कलल्यावरची असरची नमाज आटोपून आम्ही निघालो. पिस्ता-तांदळाची योजना मी वाटभर ऐकली.

हॉटेलच्या लॉबीत दोघे म्हातारे एकमेकांना मिठी मारून उभेच राहिले. पिस्त्याचा विषय निघालाच नाही. मुंबईच्या व्यापारामुळे बेहरूझना हिंदी येत होतं. पूर्वी जेद्द्याला आले की ते इस्माईलभाईंकडेच जेवत. त्यांनी पिशवीतून एक पुडा काढला. त्यात झिरिश्क होती, पुलावात घालतात ती आंबट, लाल सुकी फळं.

"भाभी के लिए," ते म्हणाले. "कैसी हैं?"

इस्माईलभाईंच्या पत्नी झोहराभाभी मागच्या हिवाळ्यात वारल्या होत्या. मी इस्माईलभाईंकडे पाहिलं. त्यांनी पुडा दोन्ही हातांनी घेतला.

"अच्छी है. बहुत खुश होगी."

परतताना गाडीत पुडा त्यांच्या मांडीवर होता. मी विचारलं, बेहरूझना सांगितलं का नाही?

"इथे सगळ्यांना ठाऊक आहे, डॉक्टर," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तिकडे एका घरात ती अजून आहे. राहू दे."