पेनड्राइव्ह रिकामा देऊ नये

कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून फुकटातलं लिनक्स बसवायचं मी ठरवलं, तेव्हा घरात कुणीच विरोध केला नाही. (कुणाला विचारलंच नव्हतं.)

अडचण नंतर निघाली. माझी बायको सुधारानी मशीनवर ब्लाउजांना भरतकाम करून देते. तिची भाची ज्योती, तिचं परवा हुलसूरला लग्न. तिच्या ब्लाउजसाठी सुधारानीनं महिनाभर डोळे फोडून कॉम्प्युटरवर मोर काढला होता. पण तो मोर मशीनला समजेल असा करून देणारं सॉफ्टवेअर विंडोजबरोबरच गेलं.

"तुमच्या लिनक्सपायी माजा मोर अडकलाय," सुधारानी म्हणाली. "ज्योती काय साध्या ब्लाउजवर उभी ऱ्हायची का?"

धावून आले शेजारचे राजपालअण्णा. ते गावाजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघतात आणि त्यांच्या घरीही लिनक्सच आहे. त्यांनी पेनड्राइव्हवर भरतकामाचं सॉफ्टवेअर दिलं. पण लिनक्समध्येही प्रकार असतात. त्यांचं पॅकेज आरपीएम, आमचा कॉम्प्युटर खातो डेब. आत माल तोच, पण त्यांच्या डब्याला आमचं झाकण बसत नाही.

"नागेंद्र, मोर घिऊन माज्या घरीच ये की," अण्णा म्हणाले. "दोन मिन्टाचं काम हाय."

"छे! आरपीएमचं डेब करायचा प्रोग्राम असतोय अण्णा. मी घरीच करतो." (स्वाभिमान. दुसरं काय!)

आणि खरंच झालं! पडद्यावर इंग्रजीत बऱ्याच सूचना आल्या. त्या मी विम्याच्या अटी वाचतो तशाच वाचल्या, म्हणजे वाचल्या नाहीत. शेवटी डेब तयार. मी ओरडलो तशी अव्वा, म्हणजे माझी आई, स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"राजपालची वस्तू परत दिलास का?"

"आता देतो की."

"रिकामी दिऊ नको."

"अव्वा, त्यो पेनड्राइव्ह हाय, डबा न्हाई!"

"काय का असंना. लोकाचं रिकामं परत दिऊ न्हाई."

आमच्या घरातून शेजारची वाटी कधी रिकामी परत जात नाही, निदान चिमूटभर साखर तरी जाते. वाद नको म्हणून मी पेनड्राइव्हमध्ये सुधारानीचा मोर भरला. अण्णांच्या मिसेस पंचशीलाअक्का तरी बघतील! मग पेनड्राइव्ह शेजारी देऊन आलो आणि डेब बसवायला घेतलं.

कॉम्प्युटरनं विचारलं, यासाठी अमुक-तमुक काढावं लागेल, काढू? इतक्या वर्षांच्या संसारात मला प्रश्न संपायच्या आत 'व्हय' म्हणायची सवय लागली आहे. मी व्हय म्हणालो. ते अमुक-तमुक म्हणजे अख्खा डेस्कटॉप निघाला. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ.

घाबरून मी लिनक्स पहिल्यापासून बसवलं. त्यानं विचारलं, सगळं पुसू?

व्हय.

कॉम्प्युटर नव्यासारखा झाला. नव्यासारखाच रिकामा.

"काय करायलाव? मोर कुठाय?" सुधारानी मागे उभी.

"गेला," मी म्हणालो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीत बसून रडायला लागली. मला स्वतःचीच लाज वाटली.

"कामून रडायलीस गं?" अव्वानं विचारलं. सुधारानीनं सांगितलं. अव्वा माझ्याकडे वळली. "अरं, राजपालला रिकामं दिला न्हाईस न्हवं?"

मी फोनवर झडप घातली.

"अण्णा! पेनड्राइव्ह पुसलाव का?"

"पुसायलोय बघ आत्ताच. कामून?"

"थांबा! हात लावू नका! माजा मोर हाय त्यात!"

मी अनवाणीच पळालो. अण्णांच्या कॉम्प्युटरवर ते आरपीएम काहीही न बदलता उघडलं आणि मोर खरोखर दोन मिनिटांत मशीनजोगा झाला. संध्याकाळी तो ब्लाउजवर उतरला, तेव्हा कुठे मला धड श्वास घेता आला. डोळ्यांत पाणीच आलं. (सुधारानी म्हणाली, लग्नात रडा, आता सरका.)

लग्नाहून आल्यावर अव्वानं राजपालअण्णांकडे डबाभर शेंगापोळ्या पाठवल्या. डबा अर्थातच रिकामा परत आला नाही. आत चिवडा होता आणि वर पेनड्राइव्ह.

"अण्णांनी हिशोबाचं झकास सॉफ्टवेअर दिलंय," तो लावून बघत मी म्हणालो. "आरपीएम हाय, पण डेब कराय..."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून आमच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड अव्वाकडे असतो. मागितला की ती आधी विचारते, "कामून?"